दाजींच्या गाडीची ठिणगी

दाजी बसून चहा प्यायलेले मला आठवत नाहीत. चहा बशीत ओतायचे, बशी तोंडाशी न्यायचे आणि मधेच थांबायचे, कारण रस्त्यावरून काहीतरी गेलेलं असायचं. टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, कुणाची तरी मोटारसायकल. बशी तशीच हातात धरून ते दारापर्यंत जायचे, मान एका बाजूला कलती करायचे आणि आवाज दूर जाईपर्यंत उभे राहायचे. मग परत येऊन समोर जो असेल त्याला विचारायचे, "एक सिलिंडर मारंना गेलाय त्याचा. ऐकू आलं का?" बहुतेक वेळा समोर मीच असायचो, आणि मला काहीच ऐकू आलेलं नसायचं.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्काला बघायला ते लोह्याहून आमच्या मुरुडला आले, तेव्हा मी कॉलेजात होतो. पोह्यांची बशी त्यांच्या हातात होती, आमचे वडील त्यांना नोकरीचं विचारत होते, आणि बाहेरून एक जीप गेली. ते उठलेच. बशी खुर्चीवर ठेवली आणि चपला न घालता रस्त्यावर गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मध्यस्थाला काय बोलावं सुचेना. वडिलांनी मला हळूच विचारलं, "मुलगा गेला की काय रे?" पंधरा मिनिटांनी ते परत आले, एक बोट काळं झालेलं. म्हणाले, "वायर ढिली व्हती बिचाऱ्याची. म्होरं बंद पडली असती." वडिलांना हे स्थळ पसंत पडलं नाही. अक्काने आतून आईला फक्त एवढंच विचारलं, की त्यांनी पोहे संपवले का. संपवले नव्हते. जाताना त्यांनी ते मागून घेतले आणि उभ्याने खाल्ले. लग्न ठरलं.

दाजी एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. साहेब बदलत राहिले, गाडी तीच राहिली. पांढरी, पेट्रोलवरची ॲम्बेसेडर. निवृत्तीच्या आधी कार्यालयाने ती लिलावात काढली तेव्हा ती घेणारं दुसरं कुणी आलंच नाही. दाजी ती घरी घेऊन आले आणि दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. अक्का म्हणाली, "तीस वर्षं बाहेर ठेवली होती, आता घरात आणली." दाजी हसले नाहीत, पण बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "नावावर आत्ता झाली. माझी तर पहिल्यापसनंच हाय."

मी लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. मला गाडी चालवता येत नाही. मेव्हण्या-मेव्हण्यांत जी थट्टा चालते ती आमच्यातही चालायची, आणि तिचा विषय ठरलेला असायचा. ते मला नावाने हाक मारत नसत, "पाव्हणं" म्हणत. "पाव्हणं, एवढी पुस्तकं वाचलाव, एका पुस्तकात क्लच सापडला का?" मी म्हणायचो, "दाजी, क्लच तुमच्या पायाखाली आहे, तो तुम्हीच सांभाळा." यावर ते अक्काकडे बघून म्हणायचे, "बगा, तुमच्या भावाला अक्कल हाय, पन ती कपाटात कुलूप लावून ठिवलीय."

हे सगळं लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. दाजींना जाऊन चार महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या एका उन्हाळ्याबद्दल लिहावं लागतं, आणि तिथे आलो की हात थांबतो.

अक्काच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आधी काहीच कळलं नाही. पायावर सूज होती, ती म्हणायची उभं राहून येते. कळलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ डायलिसिसवर घातलं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेआठला नांदेडच्या दवाखान्यात मशीन तिच्यासाठी राखून ठेवलेलं असायचं. एसटीत तिला बसवत नव्हतं. भाड्याची जीप सांगितली तर ती कधी येईल याचा नेम नसायचा. ॲम्बेसेडरच्या मागच्या सीटवर ती उशी घेऊन आडवी होऊ शकायची. तेव्हा गाडी वेळेवर सुरू होणं आणि वाटेत बंद न पडणं, यावर अक्काचा जीव होता. हे तिघांनाही माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

या गाडीत एक काळी टोपी असते, तिच्याखाली धातूचे दोन इवलेसे तुकडे. इंजिन फिरतं तसे ते उघडतात आणि मिटतात, आणि त्यातून प्लगला ठिणगी मिळते. मिस्त्री लोक त्यांना पॉइंट म्हणतात. ते जळतात, झिजतात, मधली फट कमीजास्त होते, आणि मग गाडी खोकायला लागते. दाजी दर पंधरवड्याला टोपी काढायचे, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरवायचे आणि फट लावायचे. फट मोजायची पट्टी त्यांच्याकडे होती, पण ते एक जुना पोस्टकार्डाचा तुकडा वापरायचे. "पट्टी लोखंडाची हाय, तिला काय कळतंय," म्हणायचे. कार्ड आत सरकवायचे, ओढायचे, आणि ते किती अडून येतं यावरून मान हलवायचे.

पण वयाने त्यांची बोटं जाड झाली, नजर कमी झाली. त्या डिसेंबरात गाडी वाटेत दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी ते दोन तास उशिरा पोचले. तोवर मशीनवर दुसऱ्या पेशंटला घेतलं होतं. अक्काला संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहावं लागलं, पाठ टेकली की दम लागायचा. त्या दिवशी दाजी दवाखान्याच्या आवारात किती फेऱ्या मारत होते ते अक्काने मला नंतर सांगितलं. ती खिडकीतून मोजत होती.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, पॉइंट काढून टाकावं म्हनतो. आता विजेवरचं काहीतरी मिळतंय म्हनं. तुमी वाचून बगा."

त्यांनी मला काही वाचायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. मी महिनाभर वाचलं. जुन्या गाड्या बाळगणारे लोक जगभर आहेत आणि ते एकमेकांशी फार भांडतात. त्या भांडणांतून मी तीन वाटा काढल्या. एक, नव्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे टोपीसकट तो अख्खा भाग, हैदराबादच्या भंगार बाजारातून आणून, घासून-कापून बसवायचं. दुसरी, कोइमतूरहून एक छोटी काळी डबी मागवायची. ती पॉइंटच्या जागीच, टोपीखाली बसते. झिजायला तिच्यात काही नसतं, फट लावायची नसते. तिसरी, पॉइंट तसेच ठेवायचे आणि बाहेर एक पेटी लावायची, म्हणजे पॉइंटवरचा भार कमी होतो आणि ते जळत नाहीत. पेटी बिघडली तर दोन वायरी बदलून पुन्हा जुन्या पद्धतीने गाडी चालते. मी याचा तक्ता केला आणि संक्रांतीच्या सुमारास लोह्याला घेऊन गेलो.

दाजींनी तक्ता उभ्यानेच ऐकला. पहिली वाट त्यांनी लगेच सोडली. दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये मात्र अडकले. शेडमधून घरात, घरातून शेडमध्ये.

"ही पेटी बरी वाटायली मला," ते म्हणाले. "पॉइंट घरातच राहतंय."

"पण दाजी, पॉइंट झिजणारच. फट बदलणारच. आणि फट लावायला तुमची नजर..."

"नजरेचं नका काढू."

"बरं, नाही काढत. पण डबीत हे काहीच नाही. एकदा बसवली की वर्षानुवर्षं बघायचं नाही."

"आन गेली तर?"

"जात नाही सहसा."

"सहसा," ते म्हणाले. मग बराच वेळ बॉनेटवर बोटं वाजवत राहिले. "पाव्हणं, पॉइंट मरायला आलं तर आधी खोकतंय. दोन दिस आधी सांगतंय, बाबा मी जायलोय. तुमची ती डबी सांगती का?"

"नाही. ती एकदम बंद पडते."

"तुमच्या अक्काच्या किडन्यांनी बी सांगितलं न्हाई," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

तरीही मी हट्ट धरला. आज विचार करतो तेव्हा कळतं, की तो हट्ट अक्कासाठी होता तसाच तक्त्यासाठीही होता. मी महिनाभर वाचलं होतं आणि माझं वाचणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाला आलं होतं. अक्काने मागून माझी बाजू घेतली, म्हणाली, "तो सांगतोय ते करा की. दर वेळेला तुम्ही वाटेत टोपी काढून बसता, माझा जीव वर-खाली होतो." दाजींनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "भाऊ-भन एक झाले. मागवा."

डबी आली तिच्यासोबत बारीक इंग्रजी अक्षरांचा एक कागद होता. चौदा सूचना होत्या. मी त्या मराठीत, दाजींना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात उतरवून दिल्या. चौदाच्या दहा झाल्या. हमीच्या अटी गाळल्या, कारखान्याचा पत्ता गाळला, मोटार स्पर्धांबद्दल काही होतं ते गाळलं. आणि एक सूचना गाळली, की इंजिन बंद असताना किल्ली चालू स्थितीत ठेवू नये, आतला भाग तापून जळू शकतो. ती मी वाचली होती. मला वाटलं, तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे काय सांगायचं. त्यांना हसू येईल. मी त्यांचा मान राखायला म्हणून ती ओळ सोडली, असंही मी मनाला सांगितलेलं आठवतं.

डबी बसली. फेब्रुवारी, मार्च गाडी अशी चालली, की दाजी बेचैन झाले. त्यांना करायला काही उरलं नाही. सवयीने टोपी काढायचे, आत बघायचे, टोपी लावायचे. मी गेलो की म्हणायचे, "चालायलीय तर चांगली. पन माझ्यासंगं बोलंना गेलीय." जुने पॉइंट त्यांनी एका डब्यात घालून गाडीतच ठेवले होते. मी म्हटलं, "आता तरी त्यांना निवृत्त करा, दाजी." त्यांनी तो डबा घरात फळीवर नेऊन ठेवला.

होळीनंतर ऊन चढलं. अक्काला उकाडा सहन होत नव्हता, अंगात पाणी साठलं की श्वास अपुरा पडायचा. दाजींनी नांदेडहून एक छोटा पंखा आणला, समोरच्या बाजूला बसवला आणि त्याचं तोंड मागच्या सीटकडे केलं. त्याची वायर त्यांनी किल्लीवर घेतली, म्हणजे किल्ली काढली की पंखाही बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. काम नीटनेटकं केलं होतं. मला त्या पंख्याचं माहीत नव्हतं. त्या दोन महिन्यांत मी लोह्याला गेलो तेव्हा गाडी शेडमध्ये उभी असायची, आणि मी आत डोकावणारा माणूस नव्हे.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी ते दोघं निघाले. सोनखेडच्या पुढे एक मालट्रक आडवा झाला होता, रस्ता बंद. आधीच्या मंगळवारी अक्काला ताप होता म्हणून डायलिसिस पूर्ण झालं नव्हतं, त्यामुळे तिला निघतानाच दम होता. दाजींनी इंजिन बंद केलं, तापू नये म्हणून. किल्ली चालू ठेवली, पंख्यासाठी. पाऊण तास पंखा अक्काच्या तोंडावर वारा घालत राहिला आणि टोपीखालची डबी तापत राहिली.

रस्ता मोकळा झाला. पुढच्या गाड्या हलल्या. दाजींनी स्टार्टर मारला, इंजिन नुसतं फिरत राहिलं. ते उतरले, एका अनोळखी माणसाला किल्ली फिरवायला लावली आणि प्लगची वायर काढून धरली. ठिणगी नव्हती. टोपी काढली. आत पॉइंट असते तर त्यांनी काहीतरी केलं असतं. आत गुळगुळीत काळी डबी होती, तिला ना उघडायला जागा ना घासायला. पॉइंट लोह्याला फळीवर होते.

मागच्या गाड्या भोंगे वाजवत बाजूने जात होत्या. एक दुधाचा टेम्पो थांबला. टेम्पोवाला चाळिशीचा माणूस होता, त्याने मागच्या सीटवर अक्काला बघितलं आणि दाजींना म्हणाला, "काका, गाडीचं नंतर बगा. मावशीला म्होरं बसवा, तुमी मागं कॅन धरून बसा." दाजींनी अक्काला उचलून टेम्पोत बसवलं. रोज गाडी लावल्यावर चारही दारं दोनदा ओढून बघणारा हा माणूस. त्या दिवशी दार उघडं, बॉनेट वर, किल्ली आत, पंखा चालू. अक्का मला नंतर म्हणाली, "तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही रे त्यांनी."

अक्का वाचली. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिला मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. संध्याकाळी चारला दाजी परत रस्त्यावर आले तेव्हा गाडी तिथेच होती. कुणीतरी दार लावून घेतलं होतं आणि चाकाला दगड लावला होता. आत पंखा अगदी हळू फिरत होता.

मला फोनवर हे कळलं ते शनिवारी सकाळी. ग्रंथालय उघडून बसलो होतो. कोइमतूरचा कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. तो काढला आणि अकरावी ओळ पुन्हा वाचली. रविवारी पहिल्या गाडीने लोह्याला गेलो.

दाजी शेडमध्ये जुने पॉइंट परत बसवत होते. मी कागद पुढे धरला आणि सांगितलं. ते हात पुसत राहिले.

"तेच्यात लिव्हलेलं व्हतं?"

"होतं."

"तुमी वाचलं व्हतं?"

"वाचलं होतं."

"मंग?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार."

"मला कसं मालूम असंल?" ते आवाज न चढवता म्हणाले. "पॉइंटवर तीस वरसं किल्ली चालू ठिवली. सायेब मीटिंगला, मी रेडिओ ऐकत. काय झालं न्हाई. हे नवं जनावर. तेला काय चालतंय, काय न्हाई, मला कोण सांगनार व्हतं?"

त्यांनी बॉनेट लावलं, दाराशी गेले आणि आत हाक मारली, "अवं, भावाला जेवू घाला." मग गाडी सुरू केली आणि निघून गेले. मी दुपारी तीनच्या एसटीपर्यंत थांबलो. ते आले नाहीत.

त्यानंतर दोन महिने त्यांनी माझ्याशी फोनवर बोलणं टाळलं. अक्काला फोन केला की मागून भांड्याचा, पान्याचा, दाराचा आवाज यायचा, म्हणजे ते तिथेच असायचे. मी विचारायचो, दाजी काय करतायत. ती म्हणायची, "येरझाऱ्या." एकदा म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून ते जास्त चिडलेत. नसतं सांगितलंस तर डबीलाच शिव्या दिल्या असत्या." मी म्हटलं, मग सांगायला नको होतं का? ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण राहू दे त्यांना चिडलेलं. हक्काचं चिडणं आहे."

जुलैत त्यांचाच फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "येत्या ऐतवारी या. वाचायचं हाय."

त्यांनी ती तिसरी वाट धरली होती. सोलापूरच्या एका छोट्या कारखान्यातून पेटी मागवली होती. सोबत चार पानी इंग्रजी पुस्तिका. मी पोचलो तेव्हा दाजी गाडीत, चालकाच्या जागेवर. अक्का मागे उशीला टेकून. मला शेजारी बसवलं आणि पुस्तिका हातात दिली.

"वाचा."

मी कागद-पेन काढायला लागलो. "लिव्हायचं न्हाई," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा, मराठीत सांगा. पयल्या अक्षरापसनं."

मी कारखान्याचं नाव वाचलं. पत्ता वाचला. पिन कोड वाचला. हमीच्या अटींपाशी आलो आणि म्हणालो, "हे काही आपल्या..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लागतंय का न्हाई ते मी बगतो. तुमी फकस्त वाचा."

मी वाचत गेलो. पेटी पाण्यापासून दूर ठेवावी. पेटी इंजिनाला चिकटवून बसवू नये. पेटी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

"आपल्यात लहान मूल कोन हाय?" दाजी.

"तुम्हीच की," मागून अक्का म्हणाली.

तेव्हा ते हसले. दोन महिन्यांचं सगळं त्या हसण्यात गेलं असं नाही, पण गाडीतली हवा हलली. दीड तास मी वाचत होतो. प्रत्येक ओळीला ते थांबवत, प्रश्न विचारत, माझ्याकडे उत्तर नसलं तर "मंग फोन लावा त्यास्नी" म्हणत. कारखान्यातला माणूस रविवारचा झोपलेला होता, त्याला तीन वेळा उठवलं. शेवटी छापखान्याचं नाव होतं, तेही मी वाचलं. दाजी म्हणाले, "हां. आता बशिवतो."

पंख्याची वायर त्यांनी किल्लीवरून काढून वेगळ्या बटणावर घेतली. पेटी बसवली आणि तिच्यातून सुटून पुन्हा नुसत्या पॉइंटवर येण्यासाठी एक जोडणी ठेवली. मग ती जोडणी बदलायचा सराव सुरू केला. घड्याळ अक्काच्या हातात. आधी सात मिनिटं लागली, मग पाच, मग तीन. एकदा डोळे मिटून. इतक्या वेळा केलं, की बघून बघून अक्कालाही यायला लागलं. ती दवाखान्यातल्या सिस्टरांना सांगायची, "आमची गाडी बंद पडली तर मीसुद्धा चालू करते." ती वेळ आली नाही. अक्का त्यानंतर दीड वर्ष होती. मंगळवार, शुक्रवार. एकदाही उशीर झाला नाही. शेवटच्या वेळीही साडेआठच्या आत तिथे होते. ती मशीनवर असतानाच गेली, हृदय थांबलं. दाजी मला म्हणाले, "पोचवलं मी. पोचवायचं काम माझं व्हतं." हे ते पुढचे कितीतरी दिवस म्हणत राहिले, कधी मला, कधी नुसतंच.

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. नांदेडला औषधं झाली, मग मी लातूरला बोलावून घेतलं. मी नको म्हणत असताना स्वतः गाडी चालवत आले. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला मी आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. किती वेळ उरलाय, तेही सांगितलं.

दाजी बाहेर आवारात गाडीत बसले होते, इंजिन चालू ठेवून. बसून राहायचं तर त्यांना तो आवाज लागायचा. मी शेजारी बसलो. माझ्या हातातलं रिपोर्टचं पाकीट बघून त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुठीत धरली.

मी वाचायला सुरुवात केली. त्यांचं नाव, वय, प्रयोगशाळेचं नाव, नमुना कधी घेतला ते. कुठे गाठ आहे, केवढी आहे. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीला मी थांबलो. ते समोरच्या काचेतून बघत होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि त्यांची मान एकदाही वळली नाही. मी ती ओळ वाचली, की गाठ यकृतापर्यंत पसरली आहे. पुढची वाचली, की शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही. शेवटची वाचली, ती डॉक्टरांच्या सहीची.

"किती येळ हाय, ते लिव्हलंय का?"

"नाही. लिहिलेलं नाही."

ते माझ्याकडे वळले. डॉक्टरांनी मला आत बसवून घेतलं होतं हे त्यांना काचेतून दिसलं असणार. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मंग लिव्हलेलं न्हाई ते तुमी सांगू बी नका," ते म्हणाले.

त्यांनी किल्ली लावली. मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि जेवायलाही न थांबता लोह्याला निघून गेले. पुढे दर रविवारी मी तिकडे जात राहिलो. ते कधी खाटेवर असायचे, कधी शेडमध्ये, एकदा भिंतीला धरून रस्त्यावर. माझ्या बायकोने विचारलं, तिलाही मी आकडा सांगितला नाही. एखाद्या रविवारी ते माझ्याकडे बघायचे आणि मला वाटायचं, आता विचारतील. मग ते दुसरंच काही विचारायचे, ग्रंथालयाचं छत गळायचं थांबलं का, असलं काहीतरी. आणि मी सांगायचो, की अजून नाही, अर्ज दिलाय.

सातव्या आठवड्यात ते गेले. डॉक्टर दहा म्हणाले होते.